पाणी न पिणारा खांब

मागच्या उन्हाळ्यात तुम्ही दोघं आला होतात तेव्हा धाकट्याने मला पकडलं होतं. आपण वाशिमला एका नव्या दुकानात शिरत होतो आणि मी दारातच वाकले. "आजी, काय पडलं?" त्याने विचारलं. काही पडलं नव्हतं. मी खांबाचा पाया बघत होते. ही सवय मला एका माणसाने लावली. फोनवर सांगायला गेले की तुमची आई विषय बदलते, म्हणून लिहून पाठवते आहे. मोठीने धाकट्याला वाचून दाखवावं. वऱ्हाडी बोलणं आलं की जरा मोठ्याने वाचावं, म्हणजे आपोआप समजतं.

ते आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचे. ते गेले त्याला आता वर्ष होईल. नाव लिहीत नाही, कारण त्यांच्या मुली आहेत आणि त्यांना आवडेल की नाही ठाऊक नाही. गावात तसंही त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. पाठीमागे सगळे 'भिंतचाटे' म्हणत. एकदा एका मुलीच्या तोंडून ते त्यांच्यासमोरच निसटलं. ती बिचारी रडकुंडीला आली. ते म्हणाले, "चाटतोच ना मी. खोटं थोडी हाये."

खरंच चाटत. खोली बघायला आले त्या दिवशी माझ्याकडे दोन खोल्या रिकाम्या होत्या, एक स्लॅबची आणि एक टिनाची. मी अर्थातच स्लॅबची आधी दाखवली. त्यांनी पिशवी दाराबाहेर ठेवली, उकिडवे बसले, भिंतीच्या तळाशी फुललेली पांढरी भुकटी बोटावर घेतली आणि बोट जिभेला लावलं. मी नोकरीभर मुलांच्या तोंडातून खडू काढत आलेली बाई. माझा हात आपोआप पुढे गेला.

"थुंका आधी," मी म्हणाले.

"साधा लोना हाये, बाई. याचं भेव नाई, झाडून टाकजा. कडू लागला असता तं मंग पाहा लागलं असतं."

आणि मग त्यांनी टिनाची खोली घेतली. मे महिन्यात ती तव्यासारखी तापते हे मी प्रामाणिकपणे सांगितलं.

"टिन डोक्शावर पडलं तं डोकं फुटते," ते म्हणाले. "मानूस वाचते."

पाटबंधाऱ्याच्या कामांवर काँक्रीट तपासायची प्रयोगशाळा असते. तिथे ते मदतनीस होते. साहेब नव्हेत, साहेबांच्या सहीच्या वर जे आकडे असतात ते काढणारा माणूस. काँक्रीटचे ठोकळे यंत्रात दाबून फोडायचे आणि किती दाबाला फुटले ते लिहायचं, हे त्यांनी नोकरीभर केलं. जन्मभर मजबूत वस्तू फुटताना पाहिल्यामुळे त्यांना कशाचाच भरवसा राहिला नसेल, अशी माझी समजूत होती.

भरवसा नव्हता हे मात्र खरं. लग्नाच्या पंगतीत ते मांडवाबाहेर उन्हात पान घेऊन बसत, कारण मांडव कुणाच्या तरी गच्चीच्या सज्ज्याखाली असायचा. शिरपूरच्या बसस्टँडवर बस येईपर्यंत ते उघड्यावर उभे राहत, पाऊस असला तरी. माझ्या घरात यायचे तर चौकटीखाली बसायचे, अलीकडे नाही की पलीकडे नाही, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यांना ओलांडून जावं लागे. कुणी "कसे आहात?" विचारलं तर उत्तर ठरलेलं: "उभा हाये अजून." त्यांच्या खिडकीत देवांच्या तसबिरी असाव्यात तशा ओळीने काँक्रीटच्या ढलप्या मांडलेल्या होत्या. प्रत्येकीवर कागद चिकटवलेला, कागदावर फक्त जागेचं नाव. मी एकदा विचारलं, हे काय जमवलंय? म्हणाले, "हे सारे चांगले होते."

एवढ्या भित्र्या माणसाला शिरपूरच्या जुन्या देवळात मात्र भीती वाटली नाही. मी त्यांना बळेच नेलं होतं. ते दगडांच्या सांध्यातल्या चुन्यावरून हात फिरवत कितीतरी वेळ उभे राहिले. "चुना तडकला तं सोताच भरून घेते, बाई," ते म्हणाले. "चुना माफ करते. सिमीट ध्यानात ठेवते."

मला तेव्हा हे गमतीचं वाटलं होतं.

आता गोडाऊनचं सांगते. गावात सोसायटीचं एक खताचं गोडाऊन होतं. चार भिंती, स्लॅब, मधोमध रांगेत तीन खांब. तिथे वर्षानुवर्षं खताची पोती छतापर्यंत रचलेली असायची, अमोनियम सल्फेट जास्त करून. पोती फुटायची, पावसाळ्यात जमीन ओलसर व्हायची, खत जमिनीत जायचं. सोसायटीने रस्त्यालगत नवं गोडाऊन बांधलं तेव्हा जुन्याची किल्ली मी मागून घेतली. माझी निवृत्ती झाली होती आणि गावातल्या मुलींना अभ्यासाला जागा नव्हती. घरं दोन-दोन खोल्यांची. त्यातही आमच्या गावात भाजीवाली कुटुंबं बरीच, म्हणजे निम्म्या खोलीत मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या. मी टेबलं जमवली, पंखे लावले, हजेरीचं रजिस्टर घातलं. एकतीस मुली यायला लागल्या, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच.

त्यातली कांचन तुम्हाला माहीत असायला हवी. पहाटे वाफ्यातली भाजी काढायची, जुड्या बांधायच्या, बापाला बाजारासाठी गाडीत बसवून द्यायचं आणि दहाला हाताची माती न निघालेली अशी येऊन मधल्या खांबाला टेकून बसायचं. तलाठी भरतीची परीक्षा द्यायची होती. घरच्यांशी तिचा करार होता: या खेपेला लागली तर नोकरी, नाही तर वैशाखात लग्न. मुलगा धनजचा, बघूनही झाला होता. ती मला म्हणायची, "मॅडम, मले काही थो पोरगा वाईट नाई वाटत. पन आंधी माहं नाव यादीत पाह्यतो, मंग पत्रिकेत."

उद्घाटनाला मी आमच्या या भाडेकऱ्यांनाही बोलावलं. ते आत आले नाहीत. मुलींनी आग्रह केला तेव्हा आले, सरळ मधल्या खांबापाशी गेले, बोट लावलं, जिभेला लावलं. आणि त्यांचा चेहरा उतरला. बाहेर जाऊन त्यांनी तीनदा चूळ भरली.

"हे लोना नाई," परत येऊन ते मला बाजूला घेऊन म्हणाले. "हे खत हाये. खांबात खत हाये, बाई."

मग त्यांनी मला जे समजावलं ते तुम्हालाही सोप्या शब्दांत सांगते. काँक्रीट आपल्याला भरीव दिसतं, पण ते भरीव नसतं. त्यात डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात आणि ती एकमेकांना जोडलेली असतात. त्यांच्या शब्दांत, "बारीक-बारीक खोल्या, अन् खोलीतून खोलीत दारं." ओल आली की पाणी या खोल्यांतून वर चढतं. पाण्यात खताचं मीठ असेल तर तेही चढतं आणि सिमेंटशी भांडून तिथे नवे खडे तयार करतं, सुयांसारखे. ते किती झालेत हे बाहेरून दिसत नाही. पण एक साधी परीक्षा आहे. डोळ्यांत औषध घालायच्या नळीने खांबावर पाण्याचा थेंब सोडायचा आणि त्याची चमक जाईपर्यंत आकडे मोजायचे. खांब किती भराभर पाणी पितो त्यावरून आतल्या खोल्या किती मोकळ्या आहेत ते कळतं.

पहिल्या दिवशी अठरा मोजेपर्यंत थेंब मुरला. "पिऊन राह्यला," ते म्हणाले. "सध्या ठीक. पन दर महिन्याले मोजा लागन." मी रजिस्टरच्या मागच्या पानांवर तीन खांबांचे तीन रकाने आखून दिले. आकडे ते सांगायचे, मी लिहायची.

आता माझी चूक. ती मी तुमच्यापासून लपवणार नाही. जमिनीवर दर आठवड्याला पांढरी भुकटी उमटायची. मला अस्वच्छता चालत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. मी दर शनिवारी मुलींना ओळीने उभं करून बादल्या ओतायला लावायची, खराटे मारायला लावायची. पाणी खांबांच्या पायाशी साचायचं. सोमवारी फरशी आरशासारखी. भाडेकरू शनिवारी मालेगावला लेकीकडे जायचे, त्यामुळे त्यांनी हे कधी पाहिलं नाही, आणि मला सांगावंसं वाटलं नाही. फरशी धुतली हे कोण कुणाला सांगतं?

वर्षभरात मधल्या खांबाचा आकडा वाढायला लागला. अठराचे तीस झाले, तिसाचे पन्नास. एका महिन्यात मी शंभराच्या पुढे मोजलं तरी थेंब खांबावर मोत्यासारखा बसून होता. मला इतका आनंद झाला की मी बाहेर ओट्यावर बसलेल्या मिस्त्रींना हाक मारली. हे गोडाऊन तरुणपणी त्यांनीच बांधलं होतं. ते आले, त्यांनी हातोडीने खांबावर टोला दिला. खणखणीत आवाज आला.

"मुरलं वो मॅडम," मिस्त्री म्हणाले. "लोनच्यावानी मुरलं. काँक्रीट मुरलं का मंग त्याले काही होत नाई. नव्यापेक्षा पक्कं."

"आमी धुतलं ना दर शनिवारी," कांचन म्हणाली. "सारं खत निंगून गेलं."

मी भाडेकऱ्यांकडे बघितलं. ते खाली बसले होते. नळी त्यांच्या हातात तशीच होती.

"काय धुतलं?" त्यांनी विचारलं.

कांचनने सांगितलं. किती बादल्या तेही सांगितलं, अभिमानाने.

"मिस्त्री," ते म्हणाले, "बरोबर बोलला तू. मुरलं. पन काय मुरलं?"

मिस्त्री हसले. "तुमाले तं खराब झालं तरी भेव, चांगलं झालं तरी भेव."

"चांगलं झालं त्याचंच भेव," ते म्हणाले आणि उठून उन्हात जाऊन उभे राहिले.

त्या दुपारी त्यांनी मला खिडकीतली एक ढलपी आणून दाखवली. तिच्यावरच्या कागदावर लिहिलं होतं: पंपहाउस. कुठलं ते मी लिहीत नाही. जमिनीत मीठ असलेल्या भागातलं होतं. दर वर्षी ते तिथलं काँक्रीट तपासायला जायचे. एका वर्षी आकडे आधीपेक्षा चांगले आले. पाणी कमी पितं, टोला घट्ट लागतो. त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'सुधारणा.' साहेबांनी सही केली. दुसऱ्या वर्षी तपासणी टाळली, सुधारणा आहे म्हणून. मधल्या काळात तिथला चौकीदार बायकोला घेऊन आत राहायला लागला होता.

"मी तिच्या हातचा चहा पिला होता," ते म्हणाले. पंपहाउस बसलं तेव्हा ती आत होती.

त्यांच्याकडे खात्याची एक जुनी इंग्रजी पुस्तिका होती, कडा कुरतडलेली. तिच्यातल्या आकृत्या त्यांना पाठ होत्या, मजकूर कधी वाचता आला नव्हता. ती त्यांनी मला दिली. मी इंग्रजीची शिक्षिका. जन्मभर कविता शिकवल्या, सिमेंटवरचं काही कधी वाचलं नव्हतं. दोन दिवस शब्दकोश घेऊन बसले. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की सल्फेट शिरल्यावर सुरुवातीला छिद्रं भरत जातात, काँक्रीट अधिक घट्ट आणि अधिक मजबूतही होतं. पुढे जागा संपते. खडे वाढायचे थांबत नाहीत. मग आतून रेटा बसतो आणि बारीक भेगा पडतात. त्या भेगांतून आणखी मीठ आत जातं, आणि मग जे घट्ट झालं होतं तेच भुसभुशीत होतं. मी ट्रंक भरताना गुडघा देऊन झाकण लावते तेव्हा कडी लागलेली दिसते आणि बिजागरी मागून उचकटत असते, तसं काहीसं. मी तो भाग मराठीत करून त्यांना वाचून दाखवला. ते मान हलवत ऐकत होते. चाळीस वर्षांपूर्वी कुणी हे वाचून दाखवलं असतं तर, असं त्यांच्या मनात आलं असणार. माझ्या तर आलंच.

"केव्हा पडेल?" मी विचारलं.

"महिन्यात. दहा सालात. मले नाई सांगता येत. पुस्तकात हाये काय?"

पुस्तकात नव्हतं.

मी तालुक्याला रीतसर अर्ज केला. एक तरुण इंजिनिअर येऊन गेला. त्याच्याकडे खांबावर दाबून आकडा सांगणारं यंत्र होतं. आकडा उत्तम आला. तो मला धीर देऊन गेला. आता माझ्या एका हातात इंजिनिअरचा कागद होता, मिस्त्रींचा टोला होता आणि माझ्याच अक्षरातलं चढत्या आकड्यांचं रजिस्टर होतं. दुसऱ्या हातात एका माणसाची भीती आणि एक कुरतडलेली पुस्तिका. परीक्षेला दोन महिने राहिले होते. माझ्या पुढच्या खोलीत आठ मुली दाटीवाटीने बसल्या असत्या. बाकीच्या तेवीस जणींना मी कुठे पाठवणार?

मी मध्यममार्ग काढला. परीक्षा होऊ दे, मग कुलूप लावू. शनिवारचं धुणं बंद. मधल्या खांबाजवळची टेबलं हलवली. त्यांना हे सांगितलं तेव्हा मला वाटलं आता हे रागावून खोली सोडतील.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ते गोडाऊनमध्ये स्टूल घेऊन आले. लग्नात मांडवाखाली न बसणारा माणूस मधल्या खांबाला खेटून बसला, तळवा खांबावर ठेवून.

"तुम्ही आत कशाला?" मी विचारलं.

"पोरी आत हायेत ना."

"तुम्ही बसून काय होणार?"

"पडाच्या आंधी ते बोलते, बाई. करकर करते. बाहेर आयकू येत नाई." मग मुलींकडे वळून म्हणाले, "आयका वो पोरीहो. मी उभा राह्यलो का पयाचं. पुस्तक नाई घ्याचं, चप्पल नाई घ्याची. काहून, कायले, काही नाई विचाराचं. समजलं?"

"काका, तुमाले लघवीले जा लागलं तं?" एक जण म्हणाली. सगळ्या हसल्या.

"मी पानीच नाई पीत," ते म्हणाले.

आणि खरंच पीत नसत. दहा ते पाच, घोटभरही नाही. मार्चचं ऊन होतं. त्यांचे ओठ फुटले. पहिल्या आठवड्यात मुलींनी टवाळी केली, स्टुलाला 'सिंहासन' म्हटलं. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की ते डोळे मिटतात तेव्हा झोपलेले नसतात. मग पंखे बंद झाले, कारण पंख्याच्या आवाजात त्यांना ऐकू येत नव्हतं. पानं उलटायची तीही सावकाश. मोठ्याने पाठांतर करणाऱ्या मुली ओठ हलवून पाठ करू लागल्या. मी दारात बसून रजिस्टर लिहायची. एकतीस मुली, तीस-पस्तीस टेबलं, आणि एवढी शांतता की बाहेर कुणी सायकल लावली तरी माझं पेन थांबायचं. मी त्या खोलीत इतकी घाबरून कधी बसले नव्हते, आणि मुलींनी इतका चांगला अभ्यासही कधी केला नव्हता. दोन्ही खरं आहे.

परीक्षेला अठरा दिवस राहिले असताना एका दुपारी ते उठून उभे राहिले.

पहिली खुर्ची सरकली, मग सगळ्या. कुणी किंचाळलं नाही. अनवाणी पायांचा फरशीवर थपथप आवाज, बस. मिनिटाच्या आत अंगणात. तापलेल्या मातीवर त्या एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होत्या. मी मोजलं. तीस. पुन्हा मोजलं. तीस.

रजिस्टर माझ्या हातात होतं आणि एकतीस नावांपुढे खुणा होत्या. मी पहिल्या नावापासून हाका मारायला लागले, वर्गात मारतात तशा. नवव्या नावाला उत्तर आलं नाही. कांचन.

मी आत गेले. हे मी धैर्य म्हणून सांगत नाही. पाय गेले, एवढंच. भाडेकरू स्टुलाजवळ उभेच होते, गोंधळलेले, एका हाताने मांडी धरून. कांचन हलवलेल्या टेबलावरून उठून आपल्या जुन्या जागी, खांबाच्या पलीकडच्या बाजूला जमिनीवर बसली होती. मांडीवर वही. ती लिहीत होती.

"उठ," मी म्हणाले.

"मॅडम, काकाच्या पायाले मुंग्या आल्या," ती वर न बघता म्हणाली. "मी पाह्यलं ना. ते इसरून उठले. एवढं गनित होऊ द्या."

"चुकून उठलो, बाई," ते म्हणाले. "पाय बधिर झाला. काही आयकू नाई आलं. काहीच नाई."

ती खरं बोलत होती, तेही खरं बोलत होते. खांब उभा होता. गणित सुटत आलं होतं. मी तिचा दंड धरून तिला उचललं आणि बाहेर आणलं. तिची पेन्सिल आतच पडली. मग मी मुलींना पुस्तकं आणि चपला आणायलाही आत जाऊ दिलं नाही. ते काम मी आणि भाडेकऱ्यांनी केलं, एकेक टेबल करून, आणि कुलूप लावलं.

मला कुठलाही पुरावा मिळालेला नव्हता. फक्त तीस या आकड्यापाशी मी पाऊण मिनिट उभी होते, आणि तिथे पुन्हा उभं राहायची माझी तयारी नव्हती.

आठ मुली माझ्या पुढच्या खोलीत, बाकीच्या शाळेच्या आवारातल्या लिंबाखाली. चार दिवसांत पाच जणींना घरून बंद झालं. आईबाप म्हणाले, खोलीत बसायची तोवर ठीक होतं, झाडाखाली कोण कोण बघतं. कांचन येत राहिली, पण दुपारी वारा सुटला की वह्या उडायच्या आणि ती नुसती बसून राहायची. यादीत तिचं नाव आलं नाही. फार थोड्या गुणांनी गेलं. वैशाखात पत्रिका घेऊन ती स्वतः आली. भाडेकरू चौकटीत बसले होते. तिने त्यांना ओलांडलं नाही, बाहेरच उभी राहिली.

"मॅडम," ती म्हणाली, "खांबाले काही नाई झालं. मले झालं."

भाडेकऱ्यांनी मान खाली घातली. तिने पत्रिका उंबऱ्यावर ठेवली, वर हळदकुंकवाचं बोट लावलेलं होतं, आणि गेली.

पुढचं वर्ष-दीड वर्ष गोडाऊन तसंच उभं होतं, कुलूपबंद. गावात मला तोंडावर कुणी काही म्हणत नसे, पण मिस्त्री दिसले की विचारायचे, "मॅडम, तुमचा खांब कसा हाये?" मी रोज सकाळी त्या बाजूने फिरायला जायची. काय व्हावं असं मला वाटायचं ते सांगायला लाज वाटते. भाडेकरू तिकडे फिरकले नाहीत. थेंबाची नळी त्यांनी मला देऊन टाकली.

मग एका पावसाळ्यानंतर सोसायटीने तिथे सोयाबीन ठेवायचं ठरवलं आणि डागडुजीला मिस्त्रींना पाठवलं. ते किल्ली घ्यायला आले तेव्हा हसत होते. तासाभराने परत आले तेव्हा हसत नव्हते. त्यांच्या मुठीत काहीतरी होतं. उघडून दाखवलं: पांढरट, ओलसर, भिजलेल्या भाकरीसारखं.

"मधला," ते म्हणाले. "पायाजवळून हातानं निंगालं, मॅडम. आंदरची सळई दिसून राह्यली. बोटभर रुंद भेग गेली वरपर्यंत. मी तं पहारही नाई लावली."

त्यांनी स्वतः रस्त्यात उभं राहून कुणाला जवळ जाऊ दिलं नाही. दोन दिवसांनी मशीन आणून इमारत पाडायचं ठरलं. मशीनला फारसं करावं लागलं नाही. बाहेरची भिंत ढकलताच मधला खांब बसला आणि स्लॅब अख्खीच्या अख्खी खाली आली, टेबलं होती त्या उंचीच्याही खाली. धूळ बसायला बराच वेळ लागला. मी समोरच्या घराच्या ओट्यावरून बघितलं आणि घरी आले.

भाडेकरू चौकटीखाली मेथी निवडत बसले होते. आवाज त्यांना ऐकू आलाच होता.

"आत कोनी होतं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मशीनवाला?"

"तो बाहेर होता. कुणी नव्हतं."

त्यांनी हातातली काडी मोडली, पानं ताटलीत टाकली. मी वाट बघत होते की आता ते काहीतरी म्हणतील. निदान मिस्त्रींविषयी तरी. मला स्वतःला इतकं हलकं वाटत होतं की मी फोन हातात घेऊन उभी होते. कांचनला सांगायचं होतं. तिचा नंबर काढूनही झाला होता.

"कोनाले लावता?" ते म्हणाले.

"कांचनला."

"नोका लावू."

"का? तिला कळायला नको?"

"ती म्हनन काका खरे निंगाले," ते म्हणाले. "अन् मंग ती कोनावर रागवन? तेवढंच तं हाये तिच्यापाशी."

मी फोन ठेवला. तिला कुणाकडून तरी कळलं असणार, धनज काही फार लांब नाही. दिवाळीला ती माहेरी येते तेव्हा भाजी पाठवते, जुडी नीट बांधलेली असते. घरात येत नाही.